वडीलधाऱ्या माणसाने ‘मला भेटवस्तू नको’ असे सांगितले, तर त्याचा अर्थ कसा लावावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुढच्या महिन्यात तुमच्या आत्यांना ७५ वर्षे पूर्ण होत आहेत. ‘माझ्यासाठी कोणीही काहीही आणू नका’ असे त्यांनी सगळ्या भाचरांना स्वतः फोन करून कळवले आहे. तुमच्या आईंचे म्हणणे असे की, मोठी माणसे तोंडाने नको म्हणतात, पण खरोखरच कोणी काही आणले नाही तर मनाला लावून घेतात. तुमच्या भावाचे म्हणणे असे की, त्यांनी इतके स्पष्ट सांगितल्यावर त्यात दडलेला अर्थ शोधत बसण्याचे कारण नाही. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारले आहे.

वृद्ध व्यक्ती आणि त्यांची कुटुंबे यांच्यासाठी समुपदेशनाचे काम करताना हा प्रश्न माझ्यासमोर वरचेवर येतो, आणि बहुधा तो अशाच दोन तटांच्या रूपात येतो. माझे उत्तर तुमच्या भावाच्या बाजूने झुकते, पण पूर्णपणे नाही. वस्तूंच्या बाबतीत आत्यांचा शब्द जसाच्या तसा खरा धरावा आणि पाळावा. मात्र त्या नकारात नेमके काय काय येते, म्हणजे तुमचे भेटायला येणे, सर्वांनी एकत्र जेवणे, हाताने लिहिलेले पत्र, घरातल्या लहान मुलांनी काढलेले चित्र, यांतले काय चालेल आणि काय नको, हे त्यांनी सांगितलेले नाही. ते आपण आपल्या मनाने ठरवू नये. त्यांनाच एकदा नीट विचारावे.

अर्थ लावण्यातली पहिली अडचण ही की, अर्थ लावणारा माणूस तटस्थ नसतो. भेट घेऊन जाणाऱ्याला स्वतःच्या काळज्या असतात. आपण हात आखडता घेतला असे दिसेल का, इतरांनी काही आणले आणि आपण रिकाम्या हाताने गेलो तर कसे वाटेल, आत्यांनी आपल्यासाठी एवढे केले त्याची आपल्याला जाणीव नाही असे कोणी म्हणणार तर नाही ना, अशा त्या काळज्या असतात. ‘त्यांना मनातून हवेच असेल’ हा निष्कर्ष या सगळ्या काळज्या एकदम मिटवतो, म्हणून तो चटकन पटतो. उलट बाजूनेही हेच खरे आहे. शब्दशः अर्थ ज्यांच्या सोयीचा असतो, ते ‘त्यांनीच नको म्हटले होते’ एवढ्यावर विषय संपवतात आणि त्या दिवशी साधा फोन करायचेही विसरतात. त्यामुळे निष्कर्ष कोणताही असो, तो आपल्याला सोयीचा आहे का हे आधी तपासावे, आणि तसा असेल तर त्याच्यासाठी थोडा अधिक पुरावा मागावा.

देणारा आणि घेणारा यांच्या नजरेतली तफावत संशोधकांनीही नोंदवली आहे. जेफ गलाक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये भेटवस्तूंविषयीच्या आधीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन असे मांडले की, देणारा मुख्यतः भेट हाती पडते त्या क्षणाचा विचार करतो, तर घेणारा ती वस्तू पुढे बाळगण्याचा आणि वापरण्याचा. वेष्टन उघडताना चेहऱ्यावर उमटलेला आनंद देणाऱ्याला दिसतो. त्यानंतर ती वस्तू घरात कुठे आणि कशी राहिली हे त्याला दिसत नाही. पंचाहत्तरी गाठणारी व्यक्ती ‘काही आणू नका’ म्हणते तेव्हा ती बहुतेक वेळा या नंतरच्या काळाविषयी बोलत असते.

उपचाराचा, म्हणजे केवळ रीत म्हणून दिलेला नकार आणि मनापासूनचा नकार वेगळे ओळखता येतात. उपचाराचा नकार सहसा वस्तू समोर आल्यावर येतो. ‘हे कशाला आणलेस’ असे म्हणेपर्यंत हात पुढे झालेलाच असतो, आणि त्या बोलण्यात नकारापेक्षा संकोच अधिक असतो. तुमच्या आत्यांनी मात्र महिनाभर आधी, कोणी काही आणण्यापूर्वी, प्रत्येकाला वेगळा फोन करून हे सांगितले आहे. संकोच व्यक्त करण्यासाठी इतका खटाटोप कोणी करत नाही. याशिवाय आणखी काही गोष्टी पाहाव्यात. त्यांनी कारण दिले का? गेल्या काही वर्षांत त्यांनी स्वतः इतरांना वस्तू देणे कमी केले आहे का? घरातली कपाटे, भांडी, पुस्तके त्या हळूहळू कमी करत आहेत का? आणि मुख्य म्हणजे, पूर्वी त्यांना दिलेल्या वस्तूंचे पुढे काय झाले? हा शेवटचा प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा अधिक सांगून जातो.

एका घरी मी कपाटाचा एक अख्खा कप्पा पाहिला आहे. त्यात खोकी एकावर एक रचलेली होती आणि प्रत्येक खोक्याच्या कडेला पेन्सिलीने देणाऱ्याचे नाव लिहिलेले होते. त्या घरच्या आजींची रीत अशी होती की, ज्याचे नाव असेल तो येणार असे कळले की त्या ते खोके उघडून वस्तू बाहेरच्या खोलीत मांडत, आणि तो गेला की ती पुसून, मूळच्या थर्माकोलच्या साच्यात बसवून परत ठेवून देत. एकदा दोन नातेवाईक न कळवता एकाच वेळी आले आणि आजींची तारांबळ उडाली. त्यानंतर त्यांनी सगळ्यांना सांगून टाकले की, यापुढे काही आणायचे नाही. त्यांची मुले माझ्याकडे आली ती ‘आई अलीकडे अशी तुटक का वागते’ हे विचारायला. आजी तुटक वागत नव्हत्या. प्रत्येकाचे मन राखण्यासाठी त्या जे काम वर्षानुवर्षे करत होत्या, ते आता त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हते.

हे उदाहरण मी मुद्दाम दिले, कारण वस्तू सांभाळणे हे श्रमाचे काम आहे हे तरुणपणी लक्षात येत नाही. वस्तू पुसावी लागते, तिच्यासाठी जागा करावी लागते, ती नको असली तरी टाकवत नाही, आणि कोणाला देऊन टाकली तर देणाऱ्याने विचारल्यावर काय सांगायचे याचा घोर लागतो. उपकरणांच्या बाबतीत तर हे काम दुपटीने वाढते. मनगटावरचे आरोग्य मोजणारे घड्याळ रोज चार्ज करावे लागते, त्याचे ॲप मोबाईलवर घ्यावे लागते, पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो, आणि ते बंद पडले की भाच्याला फोन करून ‘तू दिलेले घड्याळ चालत नाही’ असे सांगावे लागते. हे सांगताना आपण तक्रार करतो आहोत असे वाटते, म्हणून ते सांगितलेच जात नाही आणि घड्याळ खणात पडून राहते. ज्यांनी राहते घर लहान केले आहे किंवा लवकरच करायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी घरात येणारी प्रत्येक नवी वस्तू ही पुढे केव्हातरी बाहेर काढावी लागणारी वस्तू असते.

वस्तू सांभाळण्याचे श्रम हे नकाराचे एक कारण झाले. दुसरे कारण परतफेडीचे. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये अनेक समाजांतील देवाणघेवाणीचा अभ्यास मांडताना दाखवले होते की, भेट वरवर स्वखुशीची वाटली तरी तिच्यासोबत देण्याचे, घेण्याचे आणि परत देण्याचे अशी तीन बंधने येतात. यांतले तिसरे बंधन वयाबरोबर जड होत जाते. उत्पन्न बांधलेले असते, बाजारात जाऊन निवड करण्याची ताकद उरत नाही, आणि ज्यांना परत द्यायचे त्या भाच्या-पुतण्यांची, त्यांच्या मुलाबाळांची संख्या मात्र वाढतच जाते. ‘आत्या, आम्हाला तुमच्याकडून काहीही नको’ असे तुम्ही मनापासून सांगितले तरी हे बंधन सुटत नाही, कारण ते तुमच्या अपेक्षेवर अवलंबून नसते. ते त्यांच्या स्वतःच्या हिशेबावर अवलंबून असते. आयुष्यभर कोणाचे देणे ठेवले नाही याचा अभिमान असलेल्या माणसाला, फेडता येणार नाही असे काही स्वीकारणे हे आनंदाचे वाटत नाही. त्यातून सुटण्याचा सन्मानाचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे येणारा ओघच थांबवणे.

तिसरे कारण कुटुंबांच्या ध्यानात क्वचितच येते, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते. कधी कधी सर्वांना केलेली विनंती प्रत्यक्षात एकासाठी असते. भाचरांपैकी कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाच्या घरी आजारपणाचा खर्च चालू असतो, आणि ज्येष्ठ व्यक्तीला ते ठाऊक असते, कारण अशा गोष्टी बहुतेकदा तिलाच सांगितल्या जातात. ‘तू काही आणू नकोस’ असे त्या एकट्याला सांगितले तर त्याचा अपमान होईल. सगळ्यांनाच सांगितले तर तो सुटतो आणि कोणाला काही कळतही नाही. अशा वेळी एखाद्या सधन भाच्याने ‘आत्या म्हणाल्या तरी मी आणणारच’ असे म्हणून महागडी वस्तू समारंभात पुढे केली, तर आत्यांनी जपून बांधलेली आडोशाची भिंत तो सर्वांसमोर पाडतो. तुमच्या आत्यांच्या मनात असे काही आहे की नाही हे मला येथून सांगता येणार नाही, आणि असलेच तर त्या तुम्हालाही सांगणार नाहीत. कारण कळले नाही तरी विनंती पाळावी, असे मी म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे.

याखेरीज वयाबरोबर आवडीनिवडींचा कलच बदलतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून असे मांडले आहे की, पुढे उरलेला काळ मर्यादित आहे याची जाणीव झाली की माणसे नव्या ओळखी आणि नव्या संधी यांच्यामागे जाण्याऐवजी मनाला जवळच्या असलेल्या थोड्या माणसांकडे आणि अनुभवांकडे वळतात. हा केवळ वयाचा परिणाम नाही, कारण गंभीर आजार असलेल्या तरुणांतही तो दिसतो. त्यामुळे वस्तूंमधला रस कमी होणे हे आपोआप उदासीनतेचे लक्षण ठरत नाही. बहुतेक वेळा तो नीट विचार करून केलेला अग्रक्रम असतो.

बाकीची कारणे थोडक्यात सांगतो. जोडीदार जाऊन फार काळ लोटला नसेल तर एकट्याने भेटी स्वीकारण्याचा प्रसंगच नकोसा वाटतो. तेथे वस्तूला नकार नसून त्या दिवसाच्या गाजावाजाला असतो. कधी मागच्या भेटींनीच दुखावलेले असते: काठी, गोळ्यांची डबी, मोठ्या आकड्यांचा फोन, अशा वस्तू वर्षामागून वर्षे येत राहिल्या की ‘तू म्हातारी झालीस’ एवढेच आपल्याला सांगितले जात आहे असे वाटू लागते. आणि काहींना कौतुकाच्या केंद्रस्थानी बसणे मुळातच आवडत नाही; तारुण्यात ते सहन केले, आता करायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

आता विचारायचे कसे, याविषयी. ‘खरंच काही नको का?’ हा प्रश्न विचारू नये. त्याला दोनच उत्तरे आहेत. एक तर त्यांना पुन्हा नकार द्यावा लागतो, म्हणजे आपण पहिल्यांदा सांगितले ते ऐकलेच गेले नाही असे त्यांना वाटते. किंवा माघार घेऊन ‘आणा काहीतरी’ म्हणावे लागते, आणि मग तुमच्या आग्रहाचा विजय होतो, त्यांच्या इच्छेचा नव्हे. त्याऐवजी विनंती मान्य आहे हे आधी सांगून टाकावे आणि मगच पुढचे विचारावे. उदाहरणार्थ: ‘आत्या, तुम्ही सांगितलेत तसे आम्ही कोणीही काही आणणार नाही, ते ठरले. पण त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी यावे असे तुम्हाला वाटते का, की दोन-तीन जणांनी वेगवेगळ्या दिवशी आलेले बरे पडेल?’ यात विनंतीविषयी वाद उरत नाही, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर देताना संकोच वाटत नाही असा प्रश्न समोर येतो. ‘कसेही चालेल’ असे उत्तर आले तर दोन ठोस पर्याय द्यावेत, आणि त्यांतला एक पर्याय ‘काहीच न करणे’ हा असावा, म्हणजे तो निवडण्यासाठी त्यांना कोणाचे मन मोडावे लागणार नाही.

हे संभाषण एकाच व्यक्तीने करावे आणि ते समारंभाच्या किमान दोन आठवडे आधी व्हावे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते करू नये. ग्रुपवर विचारलेल्या प्रश्नाला माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असेच उत्तर देतो, आणि पंधरा जणांनी ‘असे कसे, आम्ही आणणारच’ असे लिहिल्यावर पुन्हा ‘नको’ लिहिण्याचा धीर फार थोड्यांना होतो. प्रत्यक्ष भेटून किंवा फोनवर, निवांत वेळी, दुसऱ्या कुठल्या तरी विषयावर बोलता बोलता विचारलेले सर्वांत चांगले. त्या काय म्हणाल्या याबरोबर कुठे थांबल्या हेही ऐकावे. ‘यायला काय हरकत आहे’ असे सहज म्हणणे आणि ‘या की, पण तुम्हालाच उगाच दगदग’ असे म्हणणे यांत फरक आहे. दुसऱ्या वाक्यानंतर ‘दगद‍ग आम्हाला होईल की तुम्हाला?’ असे हसत विचारले तर खरे उत्तर बहुधा मिळते.

भेटवस्तूला पर्याय म्हणून जे जे सुचवले जाते, त्यातले बरेचसे वेष पालटून आलेली भेटवस्तूच असते. चौकटीत बसवलेला कौटुंबिक फोटो ही वस्तू आहे आणि तिला भिंतीवर जागा लागते. सहलीचे आरक्षण हे प्रवासाचे, तब्येतीचे आणि ‘मजा आली’ असे सांगण्याचे बंधन आहे. त्यांच्या नावाने एखाद्या संस्थेला देणगी देणे उदार दिसते, पण संस्था तुम्ही निवडली असेल तर ती तुमच्या आवडीची देणगी आहे आणि तिच्यावर नाव तेवढे त्यांचे आहे. संस्था त्यांनी स्वतः सांगितली तर मात्र हा उत्तम मार्ग ठरतो. रोख रक्कम परतफेडीचा हिशेब सर्वांत उघडा करते, त्यामुळे वर सांगितलेले दुसरे कारण असेल तेथे ती सर्वांत वाईट. लहान मुलांनी काढलेली चित्रे आणि हाताने लिहिलेली पत्रे बहुतेकांना चालतात, असा माझा अनुभव आहे. तरीही ‘बहुतेकांना’ म्हणजे ‘आत्यांना’ नव्हे, म्हणून हेही त्या संभाषणातच विचारून घ्यावे.

काही वस्तू गरजेच्या असतात आणि त्यांना या चर्चेत आणू नये. श्रवणयंत्र, चष्म्याचा नवा नंबर, न्हाणीघरातला आधाराचा दांडा, जिन्यातला चांगला दिवा, या गोष्टींची निकड असेल तर वाढदिवसाशी त्यांचा काही संबंध नाही. त्या सजवलेल्या वेष्टनात घालून दिल्या की नाकारणे अवघड होते आणि स्वीकारणे अपमानाचे. वेगळ्या दिवशी, त्यांच्या संमतीने, आणि शक्य असेल तर खर्चात त्यांचा वाटा ठेवून हा विषय काढावा. ‘वाढदिवस आहे म्हणून’ ही सबब वापरून आपल्याला त्यांच्या घरात जो बदल करायचा आहे तो उरकून घेणे, हे मी अनेक कुटुंबांत पाहिले आहे आणि त्याने विश्वास कमी होतो.

वस्तूंऐवजी वेळ द्यावा असे सगळेच सांगतात, आणि ते बरोबरही आहे, पण त्यात एक धोका आहे ज्याविषयी क्वचितच बोलले जाते. रिचर्ड शुल्झ यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील वृद्धाश्रमातील रहिवाशांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थी या रहिवाशांना भेटायला येत असत. एका गटाला भेटी केव्हा आणि किती वेळ व्हाव्यात हे स्वतः ठरवता येत असे, दुसऱ्या गटाला त्या केव्हा होणार हे आधी कळवले जाई, आणि तिसऱ्या गटाकडे विद्यार्थी न कळवता येत. ज्यांना भेट ठरवता येत होती किंवा आधी कळत होती त्यांची प्रकृती आणि मनःस्थिती, न कळवता भेटी मिळणाऱ्यांपेक्षा आणि भेटीच न मिळणाऱ्यांपेक्षा चांगली दिसली. पुढे भेटी बंद झाल्यावर शुल्झ आणि बार्बरा हानुसा यांनी त्याच रहिवाशांचा पाठपुरावा केला आणि तो १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सर्वाधिक फायदा झाला होता त्यांचीच स्थिती नंतर खालावलेली आढळली. तुमच्या कुटुंबापुरता याचा अर्थ मी असा घेतो की, भेटायला केव्हा यायचे हे आत्यांना ठरवू द्यावे किंवा निदान आधी कळवावे, आणि वाढदिवसाच्या उत्साहात ‘आता आम्ही दर रविवारी येणार’ असे जाहीर करू नये. महिन्यातून एक ठरलेला फोन, जो वर्षभर चुकणार नाही, तो पहिल्या दोन महिन्यांनंतर विरून जाणाऱ्या दर आठवड्याच्या भेटींपेक्षा चांगला.

आणखी एक मार्ग मला विशेष उपयोगी वाटतो. भेट देण्याऐवजी त्यांच्याकडे काहीतरी मागावे. त्यांना येत असलेले एखादे काम शिकवायला सांगावे, घरातल्या जुन्या कागदपत्रांचा किंवा फोटोंचा उलगडा करून घ्यावा, किंवा तुमच्यासमोर असलेल्या एखाद्या खऱ्या निर्णयावर त्यांचे मत विचारावे आणि ते गांभीर्याने घ्यावे. परतफेडीच्या बंधनाने थकलेल्या माणसाला देण्याची संधी मिळाली की त्याचा हिशेब त्याच्या बाजूने सुटतो. मागणी मात्र खरी असावी. त्यांना बरे वाटावे म्हणून रचलेला प्रश्न पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला लगेच कळतो.

आता ज्या परिस्थितीत केवळ विनंती पाळून भागत नाही, तिच्याकडे वळतो. ‘मला काही नको’ हे ‘माझ्यासाठी खर्च कशाला करता, माझे आता काय राहिले आहे’ अशा सुरात येत असेल, आणि त्याबरोबर जेवण कमी झाले असेल, झोप बिघडली असेल, आवडीची कामे सुटली असतील, फोन घेणे टाळले जात असेल किंवा नीटनेटके राहणे सोडून दिले असेल, तर प्रश्न भेटवस्तूंचा नाही. डॉक्टर नैराश्याची प्राथमिक चाचपणी दोन प्रश्नांनी करतात: गेल्या दोन आठवड्यांत एखाद्या गोष्टीत रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का, आणि खिन्न किंवा निराश वाटत राहिले आहे का. हे प्रश्न जवळच्या माणसालाही साध्या भाषेत विचारता येतात. होकार आला तर निदान करणे आपले काम नाही. डॉक्टरांपर्यंत नेणे हे आपले काम आहे. वृद्धापकाळातील नैराश्यावर उपचार होतात आणि ‘या वयात असे व्हायचेच’ ही समजूत चुकीची आहे.

त्याहून गंभीर खूण म्हणजे जिवापाड जपलेल्या वस्तू एकाएकी वाटून टाकणे आणि त्याच वेळी आपण इतरांवर ओझे झालो आहोत असे पुन्हा पुन्हा बोलणे. घर आवरताना विचारपूर्वक वस्तू देणे वेगळे असते. तेथे माणूस वस्तूची कहाणी सांगतो, कोणाला काय शोभेल याचा विचार करतो, आणि पुढच्या महिन्यात काय करायचे याचेही बेत त्याच्या बोलण्यात असतात. हे बेत बोलण्यातून नाहीसे झाले असतील, तर ‘जगण्याचा कंटाळा आला आहे का, जीव द्यावा असे मनात येते का’ हे थेट विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. होकार मिळाला तर त्यांना एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

पैशांविषयीची एक शक्यताही मनात असू द्यावी. पूर्वी हात सैल असलेली व्यक्ती अचानक देणे-घेणे दोन्ही थांबवते, बँकेच्या कागदांविषयी बोलणे टाळते, आणि घरात कोणी नवी व्यक्ती व्यवहार पाहू लागली असेल, तर चौकशी करावी. मात्र ती एकांतात आणि आरोपाचा सूर न लावता. स्मरणशक्ती उणावत असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत नियम वेगळा आहे. त्यांनी अनेक वर्षे सातत्याने जी इच्छा बोलून दाखवली ती खरी धरावी, आणि ‘आता कुठे त्यांना आठवते’ म्हणून ती मोडू नये.

तुम्ही लिहिलेल्या वर्णनात यांपैकी कोणतीही धोक्याची खूण मला दिसत नाही. आत्यांनी स्वतः सगळ्यांना फोन केले, व्यवस्थित बोलल्या, प्रत्येकाची विचारपूस केली, असे तुम्ही म्हणता. म्हणून पुढचे काम व्यवहाराचे आहे. तुम्ही त्यांच्याशी वर सांगितल्याप्रमाणे एकदा बोलून घ्यावे आणि जे ठरेल ते सर्व भावंडांना एकाच मजकुरात कळवावे, म्हणजे प्रत्येक जण वेगळा फोन करून आत्यांना पुन्हा तेच सांगायला लावणार नाही. मजकुरात ‘शक्यतो’, ‘फार तर छोटेसे काहीतरी’ अशी फट ठेवू नये, कारण त्या फटीतून पहिली पिशवी आत आली की बाकीच्यांना रिकाम्या हाताने आल्याचा पश्चात्ताप होतो आणि पुढच्या वेळी विनंती कोणीच पाळत नाही. तरीही कोणी काही आणलेच तर समारंभात त्यावर बोलू नये आणि ते सर्वांसमोर उघडू नये. ठेवायचे, द्यायचे की परत करायचे हे आत्या नंतर ठरवतील, आणि त्या जे ठरवतील त्याला तुम्ही मदत करावी.

राहता राहिले तुमच्या आईंचे म्हणणे. आत्यांच्या बाबतीत ते मी बाजूला ठेवले असले तरी तुम्ही ते विसरू नये. ‘मोठी माणसे नको म्हणतात आणि मग मनाला लावून घेतात’ हे त्यांनी ज्या खात्रीने सांगितले, तशी खात्री बहुधा दुसऱ्याकडे पाहून येत नाही. नणंदेच्या निमित्ताने त्या स्वतःविषयी काही सांगत असण्याची शक्यता आहे. त्यांच्या मागच्या वाढदिवसाला त्या ‘नको’ म्हणाल्या होत्या का, आणि तेव्हा तुम्ही भावंडांनी काय केले होते, हे भावाशी बोलून आठवून पाहावे. उत्तर अवघडल्यासारखे करणारे निघाले, तर आत्यांना फोन करण्याआधी आईंशीच बोलावे.